नववी-दहावीचं सायन्स ऑनलाईन शिकायचंय? गोव्यातल्या मुलांनी अशी सुरुवात करा

मी डिचोलीला घरीच नववी-दहावीच्या मुलांची सायन्सची ट्युशन घेते आणि दरवर्षी शाळा सुरू झाल्या की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टीचर, सायन्ससाठी कुठलं अ‍ॅप घेऊ?" घेऊ म्हणजे विकत घेऊ. मी सांगते, थांबा जरा, आधी फुकट काय आहे ते बघा, कारण सायन्ससाठी जे खरंच चांगलं आहे त्यातलं बहुतेक सगळं फुकट आहे, फक्त ते कुठे मिळतं आणि कुठल्या क्रमाने वापरायचं हे शेजारी बसून कोणी दाखवत नाही. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणीतरी दहावीला बसणार आहे, किंवा ज्यांनी मोबाईल अभ्यासासाठी अजून वापरलाच नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुरुवात करायच्या आधी आपल्याकडची एक अडचण सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपली कितीतरी मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्लिश मीडियम. मीही तशीच शिकले. आठवीपर्यंत पाठांतरावर निभावतं, नववीत मोमेंटम आणि इनर्शिया आलं की गाडी अडते, आणि घरच्यांना वाटतं पोराला सायन्स जमत नाही. सायन्स जमतं हो, वाक्य कळत नाही. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती, तिने रिफ्रॅक्शनची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी विचारलं, मग पाण्याच्या बादलीत काठी तिरपी धरली तर वाकडी का दिसते? गप्प. मग मराठीत सांगितलं की प्रकाश हवेतून पाण्यात किंवा पाण्यातून हवेत जाताना त्याचा वेग बदलतो, म्हणून तिरपा जाणारा किरण दिशा बदलतो, ह्याला अपवर्तन म्हणतात. दोन मिनिटं विचार करून ती म्हणाली, "टीचर, मग आमच्या विहिरीचा तळ वर आल्यासारखा दिसतो तो पण ह्याच्यामुळेच?" हो गं, ह्याच्यामुळेच, सरळ वरून बघितलं तर ४ मीटर खोल पाणी साधारण ३ मीटरच वाटतं. ती व्याख्या तिला सहा महिने पाठ होती, कळली त्या दिवशी.

म्हणून माझा क्रम असा: आधी आपल्या भाषेत समजून घ्यायचं, मग डोळ्यांनी बघायचं, मग हाताने करायचं, आणि शेवटी इंग्लिशमध्ये लिहायचं. ऑनलाईन ज्या गोष्टी खाली सांगतेय त्या ह्याच क्रमाने घ्या.

पहिली पायरी: पुस्तक मोबाईलमध्ये घ्या

गोवा बोर्डाला सायन्सला एनसीईआरटीचं पुस्तक आहे. ते एनसीईआरटीच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतं, एकेक धडा वेगळा किंवा अख्खं पुस्तक एकदम. पत्ता एनसीईआरटी डॉट एनआयसी डॉट इन, तिथे पब्लिकेशनमध्ये टेक्स्टबुक, मग इयत्ता आणि विषय निवडायचा. मुलं म्हणतात पुस्तक तर दप्तरात आहे, पीडीएफ कशाला? कारण पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो. 'कॅटॅलिस्ट' कुठे आला होता ते आठवत नाही, सर्च टाकला की दोन सेकंदात सापडतो. चित्र मोठं करून बघता येतं, नेफ्रॉनची आकृती कागदावर एवढीशी असते, मोबाईलवर बोटांनी ताणून बघा, मग काढायला पण सोपी जाते.

आता एक काळजी घ्या. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पुस्तकं बदलत चाललीत, त्यामुळे तुमच्या हातातलं पुस्तक आणि डाउनलोड केलेली पीडीएफ एकच आहे ना ते धड्यांची यादी जुळवून बघा. मोठ्या भावाच्या मोबाईलमधली जुनी पीडीएफ घेऊन बसू नका. २०२३ साली दहावीच्या पुस्तकातून पिरियॉडिक टेबलचा अख्खा धडा आणि उत्क्रांतीचा भाग काढून टाकला, १६ धड्यांचं पुस्तक १३ धड्यांचं झालं, पण यूट्यूबवर जुने व्हिडिओ तसेच आहेत आणि मुलं ते बघून परीक्षेला नसलेल्या धड्यावर आठवडा घालवतात. काय आहे आणि काय नाही हे शेवटी आपल्या शाळेच्या टीचरना विचारायचं, आणि गोवा बोर्डाच्या वेबसाइटवरचा सिलॅबस बघायचा.

त्याच साइटवर आणखी दोन गोष्टी आहेत ज्या कोणी उघडत नाही. एक म्हणजे एक्झेम्प्लर प्रॉब्लेम्स, हे वेगळं सरावाचं पुस्तक, धड्यामागच्या प्रश्नांपेक्षा एक पायरी वरचे प्रश्न. दुसरं म्हणजे लॅबोरेटरी मॅन्युअल, प्रत्येक प्रयोग साहित्यापासून खबरदारीपर्यंत व्यवस्थित लिहिलेला. जर्नल लिहिताना मित्राचं बघून उतरवण्यापेक्षा हे वाचा.

पुस्तकाच्या धड्यावर क्यूआर कोड असतो, तो दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ, प्रश्न उघडतात. काही छान आहेत, काही अगदीच कंटाळवाणे, मी मुलांना सांगते दोन मिनिटं बघ, नाही पटलं तर सोड.

दुसरी पायरी: तोच धडा मराठीत वाचा

ही माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट आणि गोव्यात फार कमी लोकांना माहीत आहे. महाराष्ट्राच्या बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, ती फक्त महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असं काही नाही, कोणीही डाउनलोड करू शकतो. आणि तिथे तेच पुस्तक मराठी माध्यमाचं पण आहे आणि इंग्लिश माध्यमाचं पण. धडे तेच, क्रम तोच. म्हणजे दहावीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १, मराठीतून उघडा, 'प्रकाशाचे अपवर्तन' धडा काढा, मग इंग्लिश माध्यमाच्या पुस्तकात तोच धडा काढा, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. ह्याच्यापेक्षा चांगली डिक्शनरी मला सापडलेली नाही. फोकल लेन्थ म्हणजे नाभीय अंतर, रेझिस्टन्स म्हणजे रोध, पोटेन्शियल डिफरन्स म्हणजे विभवांतर, बेस म्हणजे आम्लारी, रिडक्शन म्हणजे क्षपण, हे शब्द वाक्यात बसलेले दिसतात, सुटे पाठ करावे लागत नाहीत.

आधी मराठीत वाचायचं, मग एनसीईआरटी उघडायचं. परीक्षा एनसीईआरटीवर आहे हे विसरायचं नाही, बालभारतीचं पुस्तक समजण्यासाठी, लिहिण्यासाठी नाही. आणि एक योगायोग बघा, एनसीईआरटीच्या दहावीतून जे पिरियॉडिक टेबल आणि उत्क्रांती गेलं ते बालभारतीच्या दहावीत आहे, 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' भाग १ मध्ये आणि 'आनुवंशिकता व उत्क्रांती' भाग २ मध्ये. ज्याला अकरावीत सायन्स घ्यायचंय त्याने हे दोन धडे दहावीच्या सुट्टीत जरूर वाचावेत, कारण अकरावीत केमिस्ट्री सुरू झाली की पिरियॉडिक टेबल लगेच समोर येतं.

एखादा विषय अजून खोल वाचायचा असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, भाषा थोडी जड आहे पण माहितीवर विश्वास ठेवता येतो. इंग्लिशमध्ये वाचायचं तर साध्या इंग्लिशचा विकिपीडिया वेगळा आहे, त्याला सिंपल इंग्लिश विकिपीडिया म्हणतात, वाक्यं छोटी असतात, आपल्या मुलांना झेपतो.

गूगल ट्रान्सलेटबद्दल मुद्दाम सांगते कारण हल्ली मुलं पानाचा फोटो काढून थेट मराठीत करून घेतात. रोजच्या वाक्याला ठीक आहे, सायन्सला जपून. सोल्यूशनचं द्रावण व्हायला हवं तिथे उपाय होतो, सेलचा अर्थ बायोलॉजीत पेशी आणि इलेक्ट्रिसिटीत विद्युत घट, मशीनला धडा कुठला ते कळलं नाही की गोंधळ. शब्द अडला तर बालभारतीच्या पुस्तकात बघा.

तिसरी पायरी: डोळ्यांनी बघा

इथे एकच नाव आधी शिका, फेट. अमेरिकेतल्या कोलोराडो बोल्डर युनिव्हर्सिटीचा हा उपक्रम, कार्ल वीमन ह्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची सिम्युलेशन्स आहेत, म्हणजे स्क्रीनवर आपण वस्तू हलवायची आणि काय होतं ते बघायचं. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालतं, लॉगिन लागत नाही, पैसे नाहीत आणि बरीचशी मराठीतही आहेत.

पहिल्या दिवशी कुठलं उघडायचं? सर्किट कन्स्ट्रक्शन किट, डीसी वालं. मी ट्युशनला हे कसं घेते ते सांगते, तसंच घरी करा. एक बॅटरी ओढून आणा, ती ९ व्होल्टची येते. एक बल्ब आणा, तो १० ओहमचा. वायरने जोडा, बल्ब पेटतो आणि वायरमधून निळे ठिपके पळायला लागतात, ते इलेक्ट्रॉन. आता अ‍ॅमीटर लावायच्या आधी वहीत करंट काढा, व्होल्ट भागिले ओहम, ९ भागिले १०, म्हणजे ०.९ अ‍ॅम्पियर. मग अ‍ॅमीटर लावा, तेवढंच दाखवतो. हे आधी वहीत आणि मग स्क्रीनवर असंच करायचं, उलटं केलं तर नुसता खेळ होतो. आता त्याच लाईनमध्ये दुसरा बल्ब घाला, करंट ०.४५ वर येतो, दोन्ही बल्ब मंद. तेच दोन बल्ब पॅरलल लावा, दोन्ही पहिल्यासारखे लख्ख आणि बॅटरीतून एकूण १.८ अ‍ॅम्पियर. मग विचारायचं, आपल्या घरात स्वयंपाकघरातला बल्ब गेला तरी हॉलमधला का चालू राहतो? उत्तर मुलं स्वतः देतात, सांगावं लागत नाही.

शेवटी बॅटरीच्या दोन टोकांना नुसती वायर जोडायला सांगते. स्क्रीनवर बॅटरीला आग लागते. मुलं हे पाच-सहा वेळा करतात आणि मी करू देते, कारण शॉर्ट सर्किट आणि फ्यूजवर परीक्षेत काय लिहायचं ते त्यानंतर विसरत नाहीत. अर्थात हे घरच्या प्लगवर कधीच करायचं नाही हे त्याच वेळी बजावून सांगा, घरात २३० व्होल्ट असतात.

त्यानंतर जॉमेट्रिक ऑप्टिक्स उघडा, वस्तू भिंगाजवळ लांब सरकवत प्रतिमा कुठे जाते ते बघा, ती २एफवर, म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर, ठेवली की प्रतिमा पलीकडे २एफवर, उलटी आणि तेवढीच मोठी. वस्तू कुठे ठेवली की प्रतिमा कुठे, तो सहा ओळींचा तक्ता पाठ करायची गरज राहत नाही. केमिस्ट्रीसाठी बॅलन्सिंग केमिकल इक्वेशन्स आणि पीएच स्केल, नववीसाठी बिल्ड अ‍ॅन अ‍ॅटम, ही बाकीची स्वतः शोधा.

प्रॅक्टिकलसाठी ओलॅब्स ही आपली भारतातली साइट आहे, अमृता विश्व विद्यापीठम आणि मुंबईच्या सीडॅकने मिळून केलेली, नववी ते बारावीचे प्रयोग. तिथे थिअरी, कृती, सिम्युलेटर आणि व्हायव्हाचे, म्हणजे तोंडी परीक्षेचे, प्रश्न एकाच जागी मिळतात. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री व्हायव्हाचा भाग तरी वाचून जा.

व्हिडिओंचं म्हणाल तर खान अकॅडमीवर नववी-दहावीचे धडे आहेत आणि प्रत्येक भागानंतर प्रश्न येतात, चुकलं तर पायरीपायरीने दाखवतात, ते प्रश्न सोडवा, नुसते व्हिडिओ बघू नका. केमिस्ट्रीची आवड लागायला इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीचा पिरियॉडिक व्हिडिओज नावाचा यूट्यूब चॅनल, एकेका मूलद्रव्यावर व्हिडिओ आहे, सोडियम-पोटॅशियम पाण्यात टाकल्यावर काय होतं ते तिथे बघा, शाळेच्या लॅबमध्ये ते दाखवणं धोक्याचं असतं. सबटायटल चालू ठेवा, इंग्रजांचे उच्चार पहिल्यांदा कळत नाहीत.

चौथी पायरी: हाताने करा

मोबाईल हा स्वतःच प्रयोगाचं साधन आहे हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन युनिव्हर्सिटीने केलेलं, मोबाईलमधले सेन्सर वापरून मोजमाप करतं. स्वस्त मोबाईलमध्ये सगळे सेन्सर नसतात, पण माइक प्रत्येकात असतो, म्हणून आवाजाच्या वेगाचा प्रयोग सगळ्यांना जमतो.

दोन मोबाईल लागतील, दोघांत फायफॉक्स, आणि दोन माणसं. अ‍ॅकूस्टिक स्टॉपवॉच उघडा. टेपने बरोब्बर ५ मीटर मोजा, एक मोबाईल ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला. पहिल्याने आपल्या मोबाईलजवळ एक टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं सुरू होतात, पण लांबचं किंचित उशिरा, कारण आवाजाला तिथे पोचायला वेळ लागतो. मग दुसऱ्याने आपल्या मोबाईलजवळ टाळी वाजवायची, दोन्ही बंद होतात, ह्या वेळी पहिल्याचं उशिरा. आता दोन्ही वेळांची वजाबाकी करा. साधारण ०.०२९ सेकंद येईल. आवाजाला ५ मीटर जाऊन ५ मीटर यायला लागलेला तो वेळ. १० भागिले ०.०२९, म्हणजे सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास. पुस्तकात २५ डिग्रीला ३४६ दिलाय! आमच्या अंगणात पहिल्या खेपेला ३६०च्या पुढे गेलं होतं, मग कळलं टेप मध्येच लोंबत होती, ताणून मोजल्यावर जुळलं. पावसात पत्र्याच्या पडवीत बसून करू नका, थेंबांच्या आवाजानेच घड्याळ सुरू होतं, थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळ सुरू व्हायचं ती पातळी, वाढवूनही त्रास होतो. पाऊस थांबला की मोकळ्या जागेत करा.

पीएचचा धडा सुरू असेल तर दारातल्या जास्वंदीची चार-पाच लाल फुलं गरम पाण्यात टाका, पाण्याला रंग आला की तीन वाट्यांत घ्या, एकीत लिंबू पिळा, एकीत खायचा सोडा, एक तशीच. लिंबाची गडद गुलाबी होते, सोड्याची हिरवट. मग वाटीत काय काय घालून बघायचं ते मुलांवर सोडा, आंघोळीचा साबण, व्हिनेगर, ताक, आणि प्रत्येकाचा अंदाज आधी लिहून घ्या.

अशा घरगुती प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता ह्यांची साइट, अरविंद गुप्ता टॉइज. पुण्याच्या आयुकात त्यांनी मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायचे व्हिडिओ आहेत, कितीतरी मराठीत, आणि विज्ञानाची मराठी पुस्तकं पण फुकट डाउनलोड करता येतात. शाळेच्या प्रदर्शनाला दुकानातून तयार प्रोजेक्ट आणण्याऐवजी इथून एखादं काढून स्वतः करा, परीक्षकाने प्रश्न विचारला तर उत्तर येतं.

पाचवी पायरी: इंग्लिशमध्ये लिहा

पुस्तक बंद करून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, धड्यावरची पाच उत्तरं इंग्लिशमध्ये लिहायची. मग पुस्तक उघडून लाल पेनाने स्वतः तपासायची. आकृतीला नावं दिली का, न्यूमेरिकलला युनिट लिहिलं का, मार्क तिथेच जातात. त्यानंतर एक्झेम्प्लरचे प्रश्न, आणि दुसऱ्या टर्मपासून बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून.

हल्ली मुलं एआय चॅटला विचारतात. मी नको म्हणत नाही, पण उत्तर लिहून घ्यायला वापरू नका, प्रश्न विचारून घ्यायला वापरा. ह्या धड्यावर मला दहा प्रश्न विचार, मी उत्तर देते, चूक सांग, असं लिहा. न्यूमेरिकलचं उत्तर स्वतः वहीत सोडवून पडताळायचं, कारण ते चुकीचं पण तेवढ्याच ठामपणे सांगतं.

ज्याला ह्याच्या पुढे जायचंय त्याने मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवर ऑलिंपियाड ह्या विज्ञान स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिका बघाव्यात. ज्युनियर सायन्सची पहिली परीक्षा, एनएसईजेएस, नोव्हेंबरमध्ये असते, दहावीपर्यंतच्या मुलांना बसता येतं, नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, चवथीच्या गडबडीत तारीख निघून जाते म्हणून शाळेत आधीच विचारून ठेवा.

नेटवर्क, पैसे आणि बाकी

सत्तरीत, सांग्यात, काणकोणच्या आतल्या गावांत रेंजचं काय ते आपल्याला माहीत आहे, लॉकडाऊनमध्ये मुलं डोंगरावर चढून क्लासला बसायची. म्हणून सगळं डाउनलोड करून ठेवायची सवय लावा. पीडीएफ सगळ्या उतरतात, दीक्षाचं बरंचसं साहित्य अ‍ॅपमध्ये सेव्ह होतं, फेटची सिम्युलेशन्स डाउनलोड करून नेटशिवाय चालतात. आठवड्यातून एकदा जिथे चांगलं नेट मिळतं तिथे, वाळपईला मावशीकडे जाल तेव्हा म्हणा किंवा पणजीला कामाला गेल्यावर, पुढच्या दोन धड्यांचं सामान उतरवून आणा. धड्याच्या नावाने फोल्डर करा, नाहीतर तीनशे फायलींत काही सापडत नाही.

पैसे भरून अ‍ॅप घ्यायचंच असेल तर आधी फुकटचा डेमो मुलाला स्वतः आठवडाभर वापरू द्या आणि गोवा बोर्डाचा सिलॅबस आहे का ते विचारा. माझ्या भाच्यासाठी आम्ही एका अ‍ॅपचे वर्षाचे पैसे एकदम भरले होते, फोनवर हो हो म्हणाले, उघडल्यावर धड्यांचा क्रम वेगळाच आणि पैसे परत मिळाले नाहीत. त्या वर्षी तो शेवटी एनसीईआरटी आणि बालभारतीवरच पास झाला, चांगल्या मार्कांनी.

आणि पणजीला गेलात तर मुलांना मिरामारच्या गोवा सायन्स सेंटरला न्या. धडा प्रकाशाचा चालू असेल तर त्याच आठवड्यात न्या, घरून दोन प्रश्न वहीत लिहून, आणि तिथल्या आरशांसमोर उभं राहून ते सोडवू द्या.